पॅड बदलले, दोष राहिला: तुळजापूर घाटात ब्रेक गेलेल्या एका मारुती ८०० ची तपासणी

गाडी मारुती ८००, २००८ सालची, एमएच-१३ पासिंग, रीडिंग एक लाख बारा हजारांच्या पुढे. मालक निवृत्त शिक्षक. पंधरा वर्षं भरली तेव्हा त्यांनी गाडी भंगारात न घालता पुन्हा पासिंग करून घेतली. १ एप्रिल २०२२ ला खासगी मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाची फी ६०० वरून ५,००० रुपये झाली होती. तेवढे पैसे भरून गाडी ठेवणारा माणूस ती आणखी पाच वर्षं चालवायच्या हिशेबानंच ठेवतो, म्हणजे सुटे भाग लागणारच.

सोलापुरात ८०० अजून बऱ्याच दिसतात, पण सगळ्या वयस्कर. २०१० साली देशातल्या ज्या तेरा शहरांत भारत स्टेज-४ हे धुराच्या प्रदूषणाचे निकष आधी लागू झाले, त्यांत मुंबई-पुण्यासोबत सोलापूरही होतं. कंपनीनं ८०० त्या निकषात बसवली नाही आणि शहरातली नवी विक्री तिथंच थांबली. पुढं जानेवारी २०१४ मध्ये उत्पादनही बंद झालं. गाड्या म्हाताऱ्या, मालकांचा हात आखडता आणि काउंटरवर एकाच भागाचे चार भाव, अशा ठिकाणी नकली माल आपोआप येतो.

मार्चअखेर या गाडीच्या ब्रेकचं काम निघालं. पुढचे डिस्क पॅड, मागचे ब्रेक शू, ते शू दाबणाऱ्या मागच्या दोन्ही व्हील सिलिंडरचे रबर किट, पेडलचा दाब ऑइलला देणाऱ्या मास्टर सिलिंडरचं रबर किट आणि ब्रेक ऑइलच्या दोन बाटल्या असा सगळा माल मालकांनी स्वतः एकाच दुकानातून आणला. घराजवळच्या मिस्त्रीनं मजुरीवर काम केलं. पक्कं बिल नाही, पाठकोऱ्या कागदावर आकडे मांडलेली चिठ्ठी. सगळे मिळून २,८५० रुपये, त्यात ऑइलच्या दोन बाटल्यांचे जेमतेम दोनशे. पाच आठवडे गाडी बिनतक्रार चालली.

मेच्या पहिल्या आठवड्यात चार माणसं घेऊन गाडी तुळजापूरला गेली. सोलापूरहून पंचेचाळीस किलोमीटर, शेवटी घाटाची चढण. जातानाच गाडी ओढत नव्हती. एरवी तिसऱ्या गिअरवर चढणाऱ्या ठिकाणी दुसरा टाकावा लागला. उन्हाचा आणि एसीचा परिणाम म्हणून ते सोडून दिलं गेलं. खरं तर पहिली खूण हीच होती. चारही चाकांना ब्रेक किंचित धरून राहिले होते. परतीला घाट उतरताना पेडल मऊ पडलं, दोन-तीनदा पंप केल्यावर थोडं वर आलं, पुढच्या वळणावर पार तळाला गेलं आणि जळका वास आला. मालकांनी दुसऱ्या गिअरवर गाडी धरली, हँडब्रेक टप्प्याटप्प्यानं ओढला आणि पायथ्याशी कडेला उभी केली. हँडब्रेक चालला, कारण तो केबलनं थेट मागच्या शूवर काम करतो, ऑइलशी त्याचा संबंध नाही. पाऊण तासानं गाडी निवली तसं पेडल पूर्ववत झालं.

पहिलं निदान: अर्धं बरोबर

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीनं पुढची चाकं खोलली, पॅड हातात घेतले आणि म्हणाला, "गुरुजी, प्याडच डुप्लिकेट हाय तुमचं. बॉक्स कंपनीचा, आतला माल लोकल."

त्यात तो चुकला नव्हता. घरी ठेवलेल्या खोक्यावरचा होलोग्राम तिरका धरला तरी रंग बदलत नव्हता, नखानं अख्खा सोलून निघाला. छापील किमतीवर दुसरं लेबल चिकटवलेलं. खोक्यावर पार्ट नंबर होता, पॅडच्या लोखंडी पाटीवर काहीच नाही. पाटीच्या कडेला पंचिंगची कूस तशीच राहिलेली. काळा रंग पाटीवरून ओघळून घर्षणाच्या मसाल्यावर आलेला. कोपऱ्यावर स्क्रू-ड्रायव्हर दाबला की मसाला वाळक्या भाकरीच्या कडेसारखा चुरत होता.

बऱ्याच चांगल्या पॅडच्या कडेला छाप्याच्या शेवटी दोन रोमन अक्षरं असतात, एफएफ किंवा जीएफ अशी. पहिलं अक्षर साधारण तापमानातली पकड सांगतं, दुसरं तापल्यावरची. ई म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. या पॅडवर तीही नव्हती. अर्थात अक्षरं छापायला खर्च येत नाही. ती नसली तर शंका घ्यावी, असली म्हणून माल खरा ठरत नाही.

मिस्त्रीनं दुसऱ्या दुकानातून खरे पॅड आणून बसवले, ब्रेकच्या पाइपांतली थोडी हवा काढली आणि गाडी दिली. चार दिवस ठीक गेले. पाचव्या दिवशी सात रस्त्याच्या सिग्नलला पुन्हा तोच वास. या वेळी पेडल मऊ नव्हतं, उलट दगडासारखं कडक आणि वर आलेलं. ब्रेक सोडला तरी गाडी जागची हलेना.

इथं एक साधा प्रश्न विचारायचा राहून गेला होता. मागच्या चाकांना पॅड नसतात, ड्रम आणि शू असतात. मग पहिल्या दिवशी मागचे ड्रमही का तापले होते? चारही चाकं एकदम धरत असतील तर कारण चारही चाकांना सामाईक असलेल्या गोष्टीत शोधायला हवं. अशा मुख्य गोष्टी दोनच, मास्टर सिलिंडर आणि ऑइल. नकली पॅड हाती लागल्यावर सगळ्यांचं समाधान झालं आणि शोध तिथंच थांबला.

दुसऱ्या गॅरेजमधली तपासणी

गाडी टोइंग करून दुसऱ्या गॅरेजला आली. काही खोलण्याआधी ती चार जॅक-स्टँडवर घेतली आणि हँडब्रेक सोडून चारही चाकं हातानं फिरवून पाहिली. चारही जड. मग पुढच्या डाव्या चाकाचा, हवा काढायचा ब्लीडर निप्पल अर्धा आटा ढिला केला. ऑइलची चिळकांडी उडाली आणि चाक मोकळं झालं. म्हणजे पॅड दाबणाऱ्या कॅलिपरचा पिस्टन गंजून अडकलेला नव्हता. पेडल सोडल्यावरही पाइपमध्ये दाब कोंडून राहत होता.

दाब कुठं कोंडतोय हे ठरवायला पेडल पुन्हा दाबून चाकं जाम केली. या वेळी निप्पलला हात न लावता मास्टर सिलिंडरपाशी पाइपचा नट ढिला केला. चाकं सुटली. रबरी होज आतून सुजून बंद झाला असता तर इथं ढिलं करून चाक सुटलं नसतं, फक्त निप्पलपाशीच सुटलं असतं. होजवरचा संशय तूर्त मिटला.

तिसऱ्यांदा चाकं जाम केली आणि मास्टर सिलिंडरचे, पेडलचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरवरचे दोन नट ढिले करून सिलिंडर तीन मिलिमीटर पुढं ओढला. पिस्टन ढकलणारी दांडी, म्हणजे पुशरॉड, लांब असेल आणि पिस्टन पूर्ण मागं येत नसेल तर एवढ्यानं चाकं सुटतात. सुटली नाहीत. दोष मास्टर सिलिंडरच्या पोटात होता. या सगळ्याला वीस मिनिटं आणि दोन पाने लागले. पॅड बदलण्याआधीच हे करता आलं असतं.

मग मास्टर सिलिंडरवरच्या ब्रेक ऑइलच्या टाकीचं झाकण उघडलं, तेव्हा खरी गोष्ट समोर आली. झाकणातलं रबर तेलात सोडलेल्या कुरडईसारखं फुगून वेडंवाकडं झालं होतं. बाहेर काढल्यावर ते परत आपल्या खाचेत बसेना. टाकी ज्या दोन रबरी बुशांवर बसते तीही मऊ, बोटानं दाबली की काळं लागणारी. ब्रेकचं ऑइल बिघडलंय याची इतकी स्वस्त खूण दुसरी नाही. बॉनेट उघडून झाकण फिरवायला दहा सेकंद लागतात.

रबर का फुगलं, आणि फुगल्यानं काय झालं

ब्रेक ऑइल हे नावालाच ऑइल. डॉट ३ किंवा डॉट ४ प्रतीचं हे ऑइल ग्लायकोल-ईथरवर आधारलेलं द्रव असतं, पेट्रोलियम तेल नव्हे. ब्रेकमधले कप आणि सील या द्रवाला टिकणाऱ्या रबराचे, एसबीआर किंवा ईपीडीएमचे करतात. इंजिन ऑइल, हायड्रॉलिक ऑइल, डिझेल, साधं ग्रीस यांतलं काहीही या रबरात मुरतं आणि रबर फुगतं. इंजिनातल्या ऑइल सीलचं रबर वेगळं, तिथं तेल चालतं. त्यामुळं 'तेलानं रबर खराब कसं होईल' असं म्हणणारे जुने मिस्त्रीही भेटतात.

मास्टर सिलिंडरमध्ये पिस्टनच्या तोंडाशी रबरी कप असतो. पेडल पूर्ण सुटलं की कपाची कड एका बारीक छिद्राच्या मागं सरकते आणि पाइपमधला दाब त्या छिद्रातून टाकीत परततो. छिद्र जाड सुई जाईल एवढंच. कप फुगला की त्याची कड छिद्रावरून हटत नाही आणि परतीची वाट बंद होते. ब्रेक किंचित धरून राहतात, त्यानं चाकं तापतात, तापलेलं द्रव प्रसरण पावतं. त्याला टाकीत जायला जागा नसल्यानं ते पॅड आणि शू आणखी आवळतं. सिग्नलला पेडल दगडासारखं झालं ते यामुळं.

मग घाटात उलटं, मऊ का पडलं? ताज्या डॉट ३ चा उत्कलनांक किमान २०५ अंश सेल्सिअस आणि पाणी शोषलेल्याचा किमान १४० अंश असावा लागतो. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५. ग्लायकोलमध्ये हवेतलं पाणी विरघळतं आणि सगळीकडं सारखं पसरतं, म्हणून उत्कलनांक हळूहळू उतरतो. खनिज तेलात पाणी विरघळत नाही. जुन्या गाडीच्या पाइपांतलं पाणी थेंबांच्या रूपात खाली, व्हील सिलिंडर आणि कॅलिपरपाशी जमतं. उष्णता सर्वांत जास्त नेमकी तिथंच. पाण्याच्या थेंबाची वाफ व्हायला शंभर अंश पुरतात. वाफ दाबली जाते, द्रव दाबलं जात नाही, म्हणून पेडल तळाला गेलं आणि गाडी निवल्यावर परत आलं.

पाच आठवडे काही झालं नाही याचंही उत्तर यातच आहे. रबर एका दिवसात फुगत नाही, आणि बेचाळीस अंशांच्या उन्हात, बॉनेटखाली, त्याचा वेग वाढतो.

संशय ऑइलवर, पण पुरावा?

रबर फुगलं म्हणजे ऑइलच नकली, असं लगेच म्हणता येत नाही. मिस्त्रीनं कप डिझेलमध्ये धुतले असते किंवा बसवताना साधं ग्रीस लावलं असतं तरी हेच झालं असतं. ही सवय सर्रास आहे. पण पुढचे कॅलिपर मार्चच्या कामात खोललेच नव्हते, फक्त पॅड बदलले होते. त्यांचे आतले सीलही फुगलेले निघाले. टाकीच्या झाकणाला तर कुणी डिझेल लावत नाही. जिथं मिस्त्रीचा हात पोचलाच नव्हता तिथलं रबर बिघडलं होतं, म्हणजे दोष सगळीकडं फिरलेल्या द्रवातच.

दुसऱ्या बाटलीत बोटभर ऑइल शिल्लक होतं. दोन काचेचे ग्लास घेतले, दोन्हींत अर्धं पाणी. एकात खात्रीच्या डॉट ३ चे दोन चमचे टाकून ढवळले, ते पाण्यात विरघळून एकजीव झालं. दुसऱ्यात शिल्लक ऑइलचे दोन चमचे टाकले. ढवळताना पांढुरकं झालं आणि पाच मिनिटांत वर पिवळा थर, खाली पाणी असं स्वच्छ वेगळं झालं. सिलिकोनवर आधारलेलं डॉट ५ सुद्धा पाण्यात मिसळत नाही, पण बाटलीवर छापलं होतं डॉट ३, आणि डॉट ३ मिसळायलाच हवं.

दुसरी चाचणी रबराची. एकाच पाकिटातले दोन नवे कप व्हर्नियरनं मोजले आणि दोन झाकणबंद बाटल्यांत, एक खऱ्या द्रवात, एक संशयितात, पत्र्यावर उन्हात ठेवले. दुसऱ्या दिवशी खऱ्यातल्या कपात डोळ्यांना दिसेल असा फरक नव्हता. संशयितातला कप व्यासात एक मिलिमीटरहून जास्त वाढलेला, कडा मऊ. मास्टर सिलिंडरमधून काढलेला कप तर नव्यापेक्षा दीड मिलिमीटर मोठा भरला. ही प्रयोगशाळेतली चाचणी नव्हे. ब्रेक द्रवासाठी भारतीय मानक आयएस ८६५४ आहे आणि त्यातल्या चाचण्या खूप काटेकोर आहेत. पण गॅरेजमध्ये हो किंवा नाही ठरवायला दोन ग्लास पुरतात.

शिल्लक माल उघड्या बाटलीतला होता. 'तुमच्या मिस्त्रीनंच काहीतरी ओतलं असंल' असं दुकानदार म्हणणार हे ठरलेलं. म्हणून गॅरेजनं त्याच दुकानातून, त्याच बॅच नंबरची सीलबंद बाटली पक्कं बिल घेऊन विकत आणली. झाकण फिरवल्यावर आत फॉइलचं सील नव्हतंच. ग्लासात तोच पिवळा थर.

दुरुस्ती

अशा वेळी ऑइल बदलून आणि हवा काढून गाडी देणं म्हणजे फसवणूकच. रबरात मुरलेलं तेल बाहेर येत नाही. ऑइलचा स्पर्श झालेलं सगळं रबर बदलावं लागतं: मास्टर सिलिंडर पूर्ण, मागचे दोन्ही व्हील सिलिंडर पूर्ण, पुढच्या कॅलिपरचे सील आणि डस्ट-बूट, टाकीचे बुश आणि झाकण, आणि गाडीतले सगळे रबरी होज, वरून कितीही चांगले दिसले तरी. मार्चमध्ये बसवलेले व्हील सिलिंडरचे किट एका चांगल्या कंपनीच्या स्वतःच्या नावाचे, खरे होते. तेही फेकावे लागले.

लोखंडी पाइप ठेवले. दोन्ही टोकं मोकळी करून प्रत्येकातून डिनेचर्ड स्पिरिट सोडलं, ते रंगहीन येईपर्यंत, आणि मग कॉम्प्रेसरच्या कोरड्या हवेनं फुंकून काढले. पेट्रोल, डिझेल, रॉकेल यांतलं काही वापरलं असतं तर रोग परत आला असता. जोडणी करताना नव्या कपांना फक्त ताजं ब्रेक द्रव लावलं.

भरायला अर्धा लिटर पुरतं, पण एक लिटर आणलं. मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून, म्हणजे मागच्या डाव्यापासून सुरुवात केली, मग मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. हवा निघाल्यावरही प्रत्येक निप्पलमधून शंभर मिलिलिटर वाया घालवलं, म्हणजे पाइपात काही उरलं असेल तर तेही निघून जावं. बाहेर आलेलं ऑइल परत टाकीत ओतलं नाही. हे सांगावं लागतं.

मागचे शू काढले तेव्हा अजून एक बाब निघाली. ड्रमला आतून खडू घासून शू टेकवून फिरवला, तर खडू शूच्या मधल्या एक-तृतीयांश भागालाच लागला. शूची गोलाई ड्रमशी जुळतच नव्हती. डाव्या शूचं लायनर एका टोकाला पत्र्यापासून सुटलं होतं, फटीत नख जात होतं. लायनर सुटून ड्रममध्ये अडकलं की चाक जागच्या जागी जाम होतं, घाटात त्याचा अर्थ काय ते वेगळं सांगायला नको. या शूच्या खोक्यावर कुणाचंच नाव नव्हतं. तो नकली माल नव्हे, निव्वळ वाईट माल. डावा ड्रम आत निळा पडून बारीक भेगाळला होता, तोही बदलला. उजव्याचं माप ड्रमवर कोरलेल्या कमाल व्यासाच्या आत होतं, ठेवला. सगळा खर्च ९,४०० रुपये.

काउंटरवर

बाजारात चार तऱ्हेचा माल असतो आणि 'लोकल' या एका शब्दात सगळा कोंबला जातो. गाडीच्या कंपनीच्या खोक्यातला. तोच भाग बनवणाऱ्या कारखान्याचा, पण स्वतःच्या खोक्यातला, बहुतेक वेळा स्वस्त आणि तितकाच चांगला. स्वतःच्या नावानं पर्यायी भाग बनवणाऱ्यांचा, ज्यात बरं-वाईट दोन्ही. आणि दुसऱ्याचं नाव चोरून विकलेला. पहिल्या तिन्हींमागं कुणीतरी उभा असतो. चौथ्यामागं फक्त खोकं. ८०० सारख्या गाडीला प्रत्येक भाग पहिल्या प्रकारचाच घ्या, असा हट्ट आम्ही धरत नाही. ब्रेक, स्टिअरिंग आणि इंधनाच्या पाइपांत चौथा नको, एवढंच.

मालक बाटल्या, खोकी, फुगलेले कप आणि ग्लासांचे फोटो घेऊन दुकानात गेले. दुकानदार आधी म्हणाला, "काका, डबा बगा की, होलोग्राम हाय. आमी काय घरी बनिवतो का?" पॅडचे पैसे त्यानं लगेच परत केले. त्यावर वाद घालण्यात त्याला रस नव्हता. ऑइलवर मात्र हात वर केले. मग नवी बाटली, तिचं बिल आणि ग्लासभर पाणी काउंटरवरच आलं. दोन गिऱ्हाइकं बघत उभी होती. शेवटी दुरुस्तीतले साडेतीन हजार रुपये त्यानं दिले आणि त्या बॅचचं खोकं काउंटरखालून काढून आत नेलं. परत पाठवलं की दुसऱ्याला विकलं, हे कळायला मार्ग नाही.

पूर्ण भरपाईसाठी जिल्हा ग्राहक आयोगाचा रस्ता होता. कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार करता येते, आणि मोबदला म्हणून दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. खोट्या नाममुद्रेचा माल विकणं हा ट्रेड मार्क कायदा, १९९९ च्या कलम १०४ खाली गुन्हा आहे, सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड. पण मार्चच्या खरेदीचं बिल नव्हतं. यूपीआयची नोंद होती. तिच्यावरून पैसे दिल्याचं सिद्ध होतं, कोणता माल घेतला ते नाही. चिठ्ठीवर 'ऑइल २' एवढंच. मालकांनी तडजोड केली.

त्या दुकानदाराला नकली मालाची कल्पना होती की नाही, हे ठरवता येत नाही. पॅडच्या खोक्यावर किमतीचं दुसरं लेबल त्यानं तरी पाहायला हवं होतं. ऑइलच्या बाबतीत तो स्वतःही फसला असणं शक्य आहे, कारण ती बाटली कुणीच बघत नाही, गिऱ्हाईक नाही, मिस्त्री नाही. पॅडच्या खोक्यावर होलोग्राम शोधणारा माणूस ऑइल 'दोन द्या' म्हणून घेतो.

गॅरेजनं पाचशे किलोमीटरनंतर गाडी परत बोलावली. झाकण उघडलं, रबर सपाट, खाचेत नीट बसलेलं. अक्कलकोट रस्त्यावर दहा किलोमीटर चालवून आणल्यावर चारही चाकांच्या मध्यावर हात ठेवता येत होता. टाकीतल्या द्रवाचे दोन थेंब ग्लासात टाकले, ते पाण्यात विरघळले. गाडी मालकांना दिली.